आजच्या अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या जमीनमालकांनी ब्रिटनच्या राजाकडे दाद मागितली होती, मग त्यांच्या जमिनींचा वाद का मिटला नाही?

त्या जमिनींवर न्यू हॅम्पशायर आणि न्यूयॉर्क या दोन ब्रिटिश वसाहती हक्क सांगत होत्या. राजाने मनाई केली ती न्यूयॉर्कच्या पुढच्या जमीन-सनदांना. जुन्या सनदांपैकी खरी कोणती, हे ठरवलंच नाही.

न्यू हॅम्पशायरचा गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ 1749 पासून या मुलखात सनदा वाटत होता. 20 जुलै 1764 ला तिसऱ्या जॉर्जने कनेक्टिकट नदीचा पश्चिम काठ न्यूयॉर्कची हद्द ठरवली. न्यूयॉर्कने याचा अर्थ ‘हद्द आधीपासूनच आमची’ असा लावला आणि फेरसनदेसाठी भरमसाट फी मागितली. शंभर एकरांना एक शिलिंग असलेला सारा अडीच शिलिंगांवर गेला.

बेनिंग्टनचा सॅम्युएल रॉबिन्सन अर्ज घेऊन लंडनला गेला. 24 जुलै 1767 ला न्यूयॉर्कने नव्या सनदा देऊ नयेत असा मनाईहुकूम निघाला. पण पाठपुरावा करणारा रॉबिन्सन त्याच वर्षी लंडनमध्येच देवीच्या रोगाने वारला, आणि न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी हुकूम धाब्यावर बसवून सनदा चालूच ठेवल्या.

खरा घात 1770 मध्ये न्यूयॉर्कच्या ऑल्बनी इथल्या कोर्टात झाला. बेदखलीच्या दाव्यांत न्यू हॅम्पशायरच्या सनदा पुरावा म्हणून घ्यायलाच नकार मिळाला. कसणाऱ्यांवर हा उघड अन्याय होता. वाद मिटला तो थेट 1790 मध्ये, व्हरमाँटने न्यूयॉर्कला त्याच्या दाव्यांपोटी 30,000 डॉलर द्यायचं कबूल केल्यावर.