इंटरनेट दिवसातून दोन-तीनदा बंद पडतं, ईमेलही अडकतात. तक्रार केली की ‘राउटर बंद-चालू करा’ म्हणतात आणि काही न करताच तक्रार बंद करतात. काय करावं?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. त्या एकाच फोनवर सांगितल्या तर दोन्ही रेंगाळतात. लाइन बघणारे वेगळे, मेल सर्व्हर बघणारे वेगळे, आणि पुष्कळदा कंपन्याही दोन असतात. म्हणून आधी दोन स्वतंत्र तक्रारी नोंदवा आणि दोन तक्रार क्रमांक घ्या.

दुसरं म्हणजे ‘नेट चालत नाही’ एवढंच लिहू नका. तक्रार पाहणाऱ्याच्या स्क्रीनवर त्या क्षणी तुमची लाइन चालू दिसली, तर तो तक्रार बंद करणारच. अधूनमधून तुटणाऱ्या लाइनच्या तक्रारी बहुतेक अशाच मरतात. कुठे तुटतं आणि किती वाजता तुटतं, या दोन गोष्टी लिहिलेली तक्रार मात्र सहजासहजी बंद करता येत नाही.

पुढच्या वेळी नेट गेलं की लगेच राउटर बंद करू नका. बंद केलात तर पुरावाही जातो. आधी दिवे बघा. फायबर असेल तर ती जिथे जोडली आहे त्या डब्यावरचा ‘पॉन’ दिवा (कंपनीच्या यंत्राशी जोडणी दाखवणारा) हिरवा आणि स्थिर हवा. ‘एलओएस’ (सिग्नल गेल्याचा दिवा) लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच येत नाही: फायबर तुटली आहे, कुठेतरी घट्ट दुमडली आहे किंवा कनेक्टर सैल आहे. राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी हे सुटत नाही, आणि फोनवर हे ठामपणे सांगा. ‘पॉन’ लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय, पण कंपनीकडच्या यंत्राशी नोंदणी होत नाहीये.

दिवे ठीक असतील तर तीन पिंग करा, याच क्रमाने (पिंग म्हणजे कॉम्प्युटरच्या कमांड खिडकीतून एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं). आधी राउटर (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), मग ८.८.८.८ (बाहेरचा, गूगलचा सर्व्हर), मग एखाद्या वेबसाइटचं नाव. राउटरच उत्तर देत नसेल तर दोष घरातला आहे. वायफाय सोडून केबलने जोडून बघा. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर दोष बहुतेक लाइनचा किंवा कंपनीचा. आकडा चालतो पण नाव चालत नाही, तर डीएनएस (नावावरून आकडी पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बिघडलाय. राउटरमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ टाका, तेवढ्याने सुरू झालं तर तक्रारीत तसंच लिहा. कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, म्हणजे हाही घरातलाच घोटाळा.

फायबरच्या डब्याच्या सेटिंग पानावर ‘आरएक्स पॉवर’ (डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) दिसत असेल तर तो आकडा जरूर टिपा, नेट चालू असतानाचा आणि बंद पडल्यानंतरचाही. नेहमीच्या जीपॉन प्रकारच्या फायबर जोडणीत साधारण उणे २७ डीबीएमपर्यंत चालतं (डीबीएम हे ताकदीचं माप, उणे आकडा वाढला की प्रकाश कमी). उणे २० ठीक. उणे २६ म्हणजे काठावर. ३ डेसिबल घटले की प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे काठावरची लाइन जराशा धक्क्यानेही तुटते. माझ्या मते सगळ्या तक्रारीतला सर्वांत वजनदार पुरावा हाच, कारण तो आकडा तंत्रज्ञाला स्वतःच्या मीटरवर पडताळता येतो.

वेळांची नोंद ठेवायला केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर पिंग सतत चालू ठेवा. विंडोजचा पिंग घड्याळाची वेळ छापत नाही, त्यामुळे बंद पडल्याची आणि सुरू झाल्याची वेळ हाताने लिहा. ट्रेसरूट (वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचं उत्तर दाखवणारी चाचणी) पाठवणार असाल तर एक सांभाळा: मधल्या एखाद्या टप्प्यावर तारे (*) दिसले म्हणून तिथे बिघाड आहे असं होत नाही, बरेच राउटर अशा चाचणीला मुद्दाम उत्तर देत नाहीत. एका टप्प्यापासून थेट शेवटपर्यंत उत्तरं थांबली तरच तो पुरावा.

आता ईमेल. आधी ब्राउझरमधून मेल उघडा. तिथे चालतं आणि ॲपमध्ये नाही, तर सर्व्हर बहुधा ठीक आहे आणि सेटिंग चुकलंय. मेल घ्यायला (आयमॅप) ९९३, पाठवायला ५८७ किंवा ४६५ हे पोर्ट (सर्व्हरच्या दरवाजांचे क्रमांक) लागतात. जुन्या सेटिंगमध्ये २५ असेल तर बदला. स्पॅम रोखण्यासाठी तो अनेक कंपन्या बंद ठेवतात.

मेल परत आला किंवा पाठवताना चूक दाखवली असेल तर त्यातला तीन आकडी कोड वाचा. ४ ने सुरू होणारा, जसं ४२१ किंवा ४५१, म्हणजे तात्पुरती अडचण. पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत राहतो, आणि एसएमटीपीच्या (मेल पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) नियमांनुसार त्याने किमान ४-५ दिवस हार मानू नये. त्यामुळे बिघाडात अडकलेला मेल बहुधा हरवत नाही. घाबरून तोच मेल दहादा पाठवू नका. ५ ने सुरू होणारा म्हणजे साफ नकार: ५५० सोबत ५.१.१ असेल तर तो पत्ताच नाही, ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरलाय, ५३५ म्हणजे पासवर्ड नाकारला.

मेल उशिरा पोचत असेल तर त्याचे पूर्ण हेडर (मेलसोबत येणारी त्याच्या प्रवासाची नोंद) उघडा आणि ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी खालून वर वाचा. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर जोडत जातो. ज्या दोन ओळींच्या वेळांत मोठं अंतर, तिथे मेल अडकला होता. टाइम झोन मात्र बघून घ्या, नाहीतर नसलेला उशीर दिसेल.

मेलच्या तक्रारीत पाठवणारा, घेणारा, वेळ, मेसेज-आयडी (हेडरमधली त्या मेलची ओळख) आणि परत आलेला मजकूर जसाच्या तसा द्या. स्क्रीनशॉट नको, मजकूर त्यांना लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) शोधता येतो. लॉग कायम ठेवले जात नाहीत, म्हणून लवकर कळवा. आणि उत्तरासाठी दुसरा ईमेल किंवा फोन द्या. बंद मेलबॉक्सवर आलेलं उत्तर तुम्ही वाचणार कसं?

लाइनची तक्रार इतकी छोटी पुरते: “ग्राहक क्रमांक अमुक. या आठवड्यात लाइन तीनदा तुटली, तारखा आणि वेळा खाली. प्रत्येक वेळी एलओएस लाल, राउटरला पिंग चालू, बाहेर बंद. नेट चालू असताना आरएक्स पॉवर उणे २६.५. फायबर आणि जोड तपासून मोजलेला आकडा कळवावा.”

‘सोडवली’ असा मेसेज आला की त्याच दिवशी लेखी असहमती कळवा आणि तोच क्रमांक पुन्हा उघडायला लावा. नवा क्रमांक घेतलात तर नोंदीत ती पहिलीच तक्रार दिसते आणि मागचा इतिहास सुटतो. वरच्या पातळीवर किंवा पुढे नियामकाकडे जाताना बहुधा आधी हेच विचारतात: कंपनीकडे कधी तक्रार केली आणि काय उत्तर मिळालं.

भरपाई मागायची असेल तर करारातली सेवा चालू राहण्याची टक्केवारी तासांत मोजा. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं बंद राहण्याची मुभा, ९९.९ टक्के म्हणजे फक्त ४३ मिनिटं. आधी कळवून केलेली दुरुस्ती बहुतेक करारांत यातून वगळलेली असते, ती तुमच्या बेरजेतून काढूनच आकडा सांगा.