पत्ता मिळाला, डीएनएस नाही

प्रश्न : साखळीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. एकाच राउटरवर विंडोज ७चा जुना संगणक, उबुंटूचा लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन चालतो. आयपीव्ही६ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) कसं चालतं ते बघावं म्हणून रविवारी राउटरमधलं जुन्या आयपीव्ही४चं डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ता वाटणारी सोय) बंद केलं. फोनवर, लॅपटॉपवर गूगल उघडलं. विंडोज ७ वर काहीच नाही. केबलवाला म्हणतो, आयपीव्ही६ची टिकच काढून टाका. काढू का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : नका काढू. तुमचं पत्र आल्यावर फोंड्याला घरच्या विंडोज ७ वर मी हेच करून पाहिलं. आयपीकॉन्फिगमध्ये (संगणकाचा पत्ता दाखवणारी आज्ञा) दोनने सुरू होणारा लांबलचक पत्ता व्यवस्थित दिसला. गूगलच्या डीएनएसच्या २००१:४८६०:४८६०::८८८८ या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली, चारही उत्तरं आली. गूगलचं नाव टाकलं आणि अडलं. म्हणजे रस्ता चालू आहे, नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस तेवढा मिळालेला नाही.

राउटर अधूनमधून सगळ्या यंत्रांना आपली घोषणा पाठवतो. तिच्यातच डीएनएसचा पत्ता घालण्याचं मानक २०१०चं, विंडोज ७ २००९चं. म्हणून विंडोज ७ घोषणेवरून स्वतःचा पत्ता बनवतं, डीएनएससाठी मात्र डीएचसीपीव्ही६ची (आयपीव्ही६चं डीएचसीपी) वाट बघत बसतं. मायक्रोसॉफ्टने ही उणीव भरून काढली थेट २०१७च्या विंडोज १०च्या अपडेटमध्ये, आणि हा उशीर मला आजही खटकतो. मॅकला २०११च्या लायन आवृत्तीपासून दोन्ही वाटा चालतात, तुमच्या उबुंटूलाही. अँड्रॉइडचं नेमकं उलटं: तो डीएनएस घोषणेतूनच उचलतो. विंडोज एक्सपीला तर इलाजच नाही, त्याचे डीएनएसचे प्रश्न आयपीव्ही४वरूनच जातात.

म्हणून राउटरमध्ये घोषणेतला डीएनएस आणि डीएचसीपीव्ही६ दोन्ही चालू ठेवा. तशी सोय नसेल तर विंडोज ७ वर अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ६’ उघडून गूगलचा वरचाच पत्ता डीएनएसच्या रकान्यात हाताने भरा. मी भरला, आणि गूगल लगेच उघडलं.

आयपीव्ही४ मात्र आजच परत चालू करा, कितीतरी साइट अजून त्याच्यावरच आहेत. आणि एक कळकळीचं सांगणं : विंडोज ७चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. मुलांचे आधार क्रमांक, बँकेचे तपशील त्या संगणकावर भरू नका. फॉर्म उबुंटूवर भरा, जुन्यावर फक्त प्रिंट काढा.