हक्क कोठे संपतो : एका तरुण वाहकास पत्र

घाटंजी, जि. यवतमाळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सुट्ट्या पैशांवरून एका प्रवाशाने तुझी कॉलर धरली, गणवेशाची बटणे तुटली, तू त्याचा हात झटकलास आणि घंटी मारून गाडी पुढे काढलीस. आगारात परतल्यावर मात्र विश्रांतिगृहातल्या मंडळींनी "दोन ठेवून द्यायच्या होत्या, स्वसंरक्षणात सगळे माफ असते" असे तुला ऐकवले. सुट्ट्या पैशांच्या वादात काय करावे हे ती मंडळी माझ्यापेक्षा चांगले सांगतील. माफीविषयी ते जे म्हणाले ते मात्र अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणापायी नोकरीला लागलेली चांगली पोरे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली मी पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. स्वसंरक्षणाची कलमे आता ३४ ते ४४ अशी आहेत. जुनी मंडळी शहाण्णव, शंभर असे आकडे सांगतील, ते जुन्या संहितेतले. शब्दरचना जवळजवळ तीच राहिल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाचे जुने निवाडेही उपयोगी पडतात.

या हक्काचा गाभा कलम ४० मध्ये आहे, आणि विश्रांतिगृहात नेमका तोच कोणी सांगत नाही. शरीराला धोका आहे अशी वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो. त्यासाठी पहिला फटका खाण्याची वाट पाहावी लागत नाही. ती भीती टिकून आहे तोवर हक्क टिकतो, आणि ती संपली की त्याच क्षणी हक्कही संपतो. समज, फाट्यावर एकजण काठी उगारून तुझ्या अंगावर आला. तू त्याचा हात धरलास, ढकललेस, तो पडला, काठी दूर गेली. येथपर्यंत कायदा तुझ्या बाजूने आहे. त्यानंतर तो मातीत पडलेला असताना तू त्याच्या बरगडीत जी लाथ घातलीस, तिचा हिशेब वेगळा मांडला जाईल, आणि तेथे तू आरोपी असशील. भांडण एकच, मिनिटही एकच, तरी न्यायालय त्याचे तुकडे करून प्रत्येक फटक्याला विचारते की या वेळी धोका उभा होता काय. "सुरुवात कोणी केली" हा प्रश्न आपल्या गावांत सर्वांत मोठा मानला जातो. खटल्यात तो महत्त्वाचा असतो, परंतु निर्णायक ठरतो तो शेवटचा फटका.

किती बळ वापरावे, याचे उत्तर कलम ३७ देते : बचावासाठी आवश्यक तेवढेच. समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क ताणता येतो असे प्रसंग कलम ३८ मध्ये मोजके सांगितले आहेत. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराच्या हेतूने केलेला हल्ला, अपहरण, ॲसिड फेकणे अशा स्वरूपाचे ते आहेत. एरवी, म्हणजे कॉलर, थप्पड, धक्काबुक्की यांत, समोरच्याला जिवे मारण्याइतका अधिकार मुळीच नसतो. असे असले तरी न्यायालये सोनाराचा काटा घेऊन बसत नाहीत. अंगावर धावून आलेल्या माणसाला भीतीच्या त्या क्षणी प्रत्येक वार मोजूनमापून करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा मान्य केले आहे, आणि दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निवाड्यात या विषयाची तत्त्वे एकत्र मांडली आहेत. काठीच्या संदर्भात तुला देव नारायण विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा १९७३ चा निवाडा माहीत असावा. जमिनीच्या वादात विरोधकांनी लाठ्यांनी हल्ला केला होता, आरोपीने भाला वापरला, आणि उच्च न्यायालयाने लाठीपुढे भाला म्हणजे मर्यादेचे उल्लंघन असे मानले. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले, कारण डोक्यावर पडणारी लाठीही प्राणघातक ठरू शकते. म्हणजे कोणाच्या हातात कोणते हत्यार होते यापेक्षा ते कोठे आणि कसे पडणार होते, हे पाहिले जाते. मर्यादा ओलांडून माणूस मेला, आणि ती सद्भावनेने, सूडाचा हेतू नसताना ओलांडली गेली, तर गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा होतो. तरीही कलम १०५ खाली जन्मठेपेपर्यंतची शिक्षा शक्य आहे, त्यामुळे ही सवलत मोठी समजू नकोस.

शिवीगाळीपुरते बोलायचे तर शिवीविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क नाही. आईबहिणीवरून दिलेली शिवी कानशिलात मारण्याचे कारण म्हणून सांगितली जाते, पण ती बचाव होत नाही. फार तर शिक्षा ठरवताना चिथावणी म्हणून विचारात येईल.

दारुड्याबद्दल तू मुद्दाम विचारले आहेस, कारण बाजाराच्या दिवशी शेवटच्या फेरीला तेच गिऱ्हाईक अधिक असते. कलम ३६ प्रमाणे नशेत असलेल्या किंवा वेड्या माणसाविरुद्धही तुला तोच हक्क आहे, जो शुद्धीतल्या माणसाविरुद्ध असतो. परंतु ज्याला स्वतःच्या पायावर धड उभे राहता येत नाही त्याला आवरण्यासाठी किती बळ लागले असते, हा प्रश्न सरकारी वकील उलटतपासणीत हमखास विचारतो. दारातून ढकलून दिलेला दारुडा दगडावर आपटून मेला, तर "मी फक्त ढकलले" हे वाक्य तुझ्या फारसे कामी येणार नाही, विशेषतः गाडी चालू असेल तर.

आता टॉमीचे. सीटखाली लोखंडी टॉमी ठेवावी काय, असे विचारतोस. चाकाच्या कामाला ती गाडीत असतेच आणि तिच्या असण्यात गुन्हा नाही. ती हातात घेतली की मात्र कलम बदलते. हाताने केलेल्या साध्या दुखापतीला कलम ११५ खाली एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे. तीच दुखापत धोकादायक हत्याराने झाली तर कलम ११८ लागते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. हाड मोडले तर ती जबर दुखापत ठरते आणि मग जन्मठेपही कायद्याच्या कक्षेत येते. भरलेल्या गाडीच्या अरुंद वाटेत लोखंड फिरवले तर ते लेकुरवाळ्या बाईला लागणार नाही याची हमी कोण देणार? समोरच्याकडे कुऱ्हाड असेल आणि तुझ्यामागे दार बंद असेल तर टॉमी उचल, मी अडवणार नाही. कॉलर धरली म्हणून मात्र नको.

याहून अधिक काळजी मला चालकाच्या भांडणाची वाटते. कलम ३५ प्रमाणे दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचाही हक्क तुला आहे. चालकाला कोणी खाली ओढून मारत असेल किंवा एखाद्या मुलीची कोणी छेड काढत असेल, तर तू मध्ये पडू शकतोस, पडावेस. पण अरुंद रस्त्यावर एखाद्या जीपवाल्याने कट मारला, आपल्या चालकाने गाडी आडवी लावली, पाना घेऊन तो खाली उतरला, आणि सोबती म्हणून तूही त्याच्यामागे उतरलास, तर तेथे हक्क तुमचा नाही, जीपवाल्याचा आहे. भांडण शोधत जाणाऱ्याला स्वसंरक्षण मिळत नाही. शिवाय कलम ३ च्या पाचव्या उपकलमाप्रमाणे समान उद्देश सिद्ध झाला तर चालकाने मारलेला पाना तूच मारलास असे धरले जाईल, तुझा हात रिकामा असला तरी. अशा वेळी गाडीत बसून राहणे, चालकाला हाका मारणे आणि ११२ ला फोन लावणे यात कमीपणा नाही; पुढे तुझ्या जबानीला किंमत राहील ती त्यामुळेच.

मुक्कामी गाडीचा विषय वेगळा आहे, कारण तेथे शरीरासोबत रोकडही असते. बॅग हिसकावताना कोणी मारहाण केली किंवा चाकूचा धाक दाखवला, तर ती जबरी चोरी होते, आणि कलम ४१ मध्ये जबरी चोरीविरुद्धचा हक्क फार लांबपर्यंत, प्रसंगी समोरच्याच्या मृत्यूपर्यंत, जातो. तरी "आवश्यक तेवढेच" ही अट तेथेही सुटलेली नाही. तो बॅग घेऊन पळत सुटला तर त्याचा पाठलाग करून माल परत घेता येतो, मात्र पाठमोऱ्या माणसाच्या डोक्यात मागून दगड घालणे या हक्कात बसवणे फार अवघड जाईल. रात्री घरफोडी करणाऱ्याविरुद्धही त्याच कलमात मोठा हक्क आहे. परंतु घरफोडीची व्याख्या माणसे राहतात अशी इमारत, तंबू किंवा जहाज यांच्याभोवती बांधलेली आहे. तुम्ही सीटवर सतरंजी टाकून झोपता म्हणून बसगाडी त्या व्याख्येत येईल, यावर मी तरी स्वतःचा बचाव उभा करणार नाही. माझे मत विचारशील तर बॅगेतली रक्कम महामंडळ सोसू शकते, तुझे जाणे तुझ्या घराला सोसणार नाही.

मुक्कामाच्या गावी आणखी एक बारकावा लक्षात ठेव. पोलिसांकडे किंवा अन्य सार्वजनिक अधिकाऱ्यांकडे जाण्यास सवड असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क नाही, असे कलम ३७ म्हणते. याचा अर्थ अंगावर आलेल्या माणसापुढून पळालेच पाहिजे असा नाही. न्यायालये तशी अपेक्षा करत नाहीत, आणि ठाणे दूर असेल, रेंज नसेल तर तेही विचारात घेतले जाते. पण संध्याकाळी पारावर कोणी "रात्री पाहतो तुला" अशी धमकी दिली असेल, तर रात्रीपर्यंत सवड होती. पोलीस पाटील त्याच गावात राहतात. त्यांच्या कानावर घाल, आगाराला फोन कर, गाडी ग्रामपंचायतीसमोर उजेडात लाव. हे काहीच न करता टॉमी उशाशी घेऊन वाट पाहत बसलास, तर ती तयारी बचावाची होती की मारामारीची, हे पटवून देणे कठीण जाईल. जाता जाता सांगतो, मार्ग तपासणी पथकाने बॅग तपासायला घेतली आणि तुला ते अन्यायाचे वाटले, तरी हात लावायचा नाही. पदाच्या अधिकारात सद्भावनेने वागणाऱ्या लोकसेवकाविरुद्ध हा हक्क चालत नाही. अन्याय कागदावर मांडावा.

मारामारी होऊन गेल्यानंतर आपली माणसे जी चूक करतात तिने चांगला खटला हातचा जातो. घरचे कोणीतरी सांगते, "मी तेथे नव्हतोच असे म्हण." तू तेथे नव्हतास तर बचाव कोणाचा केलास? हल्ला झाला, मी प्रतिकार केला, एवढाच केला आणि यासाठी केला, हे पहिल्याच जबानीत सरळ आले पाहिजे. स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आरोपीवर आहे, पण तो हलका आहे. फिर्यादी पक्षाला गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावा लागतो. तुला तुझी हकीकत अधिक संभवनीय आहे एवढे दाखवले तरी पुरते. त्यासाठी अंगावरचे वळ लागतात. लाजेखातर घरी हळद लावून बसू नकोस; त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जा आणि प्रत्येक जखम डॉक्टरांकडून लिहून घे. आरोपीच्या अंगावरील जखमांचा खुलासा फिर्यादी पक्ष करत नसेल तर त्याची हकीकत संशयास्पद ठरू शकते, हे लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या १९७६ च्या निवाड्यापासून मान्य आहे.

दुसरी वस्तू तुझ्या गळ्यातच असते. शेवटचे तिकीट किती वाजता आणि कोणत्या टप्प्यावर फाडले, हे मशीनमध्ये राहते, त्यामुळे गाडी कोठे होती यावर वाद उरत नाही. मोबाइलवरचे चित्रीकरण मात्र बहुधा दुसऱ्या फटक्यापासून सुरू होते, कारण पहिला फटका बसेपर्यंत कोणाला फोन काढायचे सुचत नाही. म्हणून रोज येणाजाणाऱ्या दोन-तीन पासधारकांची नावे त्याच वेळी लिहून ठेव. समोरचाही ठाण्यात जाऊन तुझ्याविरुद्ध फिर्याद देईल, हे गृहीत धर. ठाणेदार दोन्ही नोंदवतील आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. अटक झालीच तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. आगाराची खातेचौकशी मात्र न्यायालयाच्या निकालासाठी थांबेलच असे नाही, तेव्हा तेथेही हीच हकीकत, शब्दशः हीच, गेली पाहिजे.

राहिला तुझ्या कॉलरचा प्रश्न. तू हात झटकलास, तो हक्कातच होता. मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० च्या कलम ४३ प्रमाणे महामंडळाचा कर्मचारी लोकसेवक समजला जातो, म्हणून तुझ्यावर कर्तव्य बजावताना केलेली ही बळजबरी न्याय संहितेच्या कलम १३२ खाली येते आणि तिला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तंटामुक्त समितीचे अध्यक्ष समेटासाठी तुझ्याकडे येऊन गेले असे तू लिहितोस. त्यांचा हेतू चांगला असेल, पण हे कलम समेटाने मिटण्याच्या यादीत नाही, तेव्हा त्यांनी पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर आताच सही करू नकोस. या गुन्ह्याची दखल घेण्यास न्यायालयाला तीन वर्षांची मुदत असते, म्हणजे फिर्याद अजून देता येईल. मात्र उशीर का झाला हे तीत स्पष्ट लिहावे लागेल. आगार व्यवस्थापकांना त्या दिवशी दिलेल्या अर्जाची पोच असेल तर ती जोड. बटणे तुटलेला शर्ट धुवायला टाकला नसशील तर तसाच कागदी पिशवीत ठेव. फिर्याद द्यायची की नाही हे तू आणि चालक मिळून ठरवा, कारण साक्षीला तोच उभा राहणार आहे. ठरले तर रविवारी कच्चा मसुदा घेऊन ये, मी वाचून देतो.

तुझा,
वकीलकाका