तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : फांदीला चिकटलेली निळी फुलं

प्रश्न : होळीच्या आधी दाजीपूरला गेलेलो, तिथं एका झुडपाच्या फांद्यांना गडद निळी-जांभळी बारीक फुलं चिकटल्यागत होती, शेंड्याला नाही, मधल्या जून फांदीलाच. फोटो पाठवलाय. मित्र म्हणतोय पुढच्या वेळी रोपच उपटून आणू, काय होतंय. हे काय आहे आणि बंगल्यामागं लावलं तर जगेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अंजनी आहे ही, शास्त्रीय नाव मेमेसायलॉन अम्बेलाटम. फोटो झूम करून बघा, चार पाकळ्या आणि आठ पुंकेसर दिसतील, पानं समोरासमोर, जाड, चकचकीत, आणि शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. राधानगरी, आंबा, महाबळेश्वर, माथेरान असल्या पावसाच्या सदाहरित रानात ही भरपूर असते, पण गावात कुणाच्या दारात क्वचितच, म्हणून तुम्हाला नवी वाटली. फेब्रुवारी-मार्चपासनं फुलायला लागते, त्यावर मधमाश्या तुटून पडतात, मग लालसर होत जांभळी-काळी फळं धरतात, ती पाखरं खातात, माणसंही खातात. पूर्वी पानांपासनं पिवळा रंग काढायचे.

आता मित्राचं. दाजीपूरचं रान राधानगरी अभयारण्यात येतं, तिथनं रोप काय, बीसुद्धा उचलायचं नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी उपटलेली अंजनी बहुतेक मरतेच, मुळं दुखावली की संपलं, उगाच दोन्हीकडनं नुकसान. त्यापेक्षा घाटाकडच्या कुणाच्या मालकी रानात, मालकाला विचारून, पिकलेली फळं घ्या, गर धुऊन बी ताजं असतानाच पिशवीत टाका, वाळवून ठेवू नका. वाढ मात्र भयंकर सावकाश, पहिली काही वर्षं लावलंय की नाही असं वाटेल! आपल्याकडं नदीकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, ते हिला सोसत नाही, खड्ड्यात जांभ्याची माती आणि पालापाचोळा घाला, सुरुवातीला अर्धी सावली द्या, एप्रिल-मे मध्ये पाण्याकडं लक्ष ठेवा.

नर्सरीतनं घेणार असाल तर नुसतं ‘अंजन’ मागू नका, आपट्यासारखं जोडपान असलेलं खानदेशाकडचं मोठं झाड गळ्यात मारतील, ते बंगल्यामागं मावणार नाही.