वन-टू-वन मेंटॉरशिपसाठी ८५ हजार द्यावेत का?

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. ईश्वरपूरजवळ (पूर्वीचं इस्लामपूर) नोकरी, ट्रेडिंगचं कॅपिटल २ लाख, वर्षभर निफ्टीचे ऑप्शन (निफ्टी वर जाईल की खाली यावर प्रीमियम भरून घ्यायचे करार) बाय करताय आणि तोटा वाढत चाललाय. एका मेंटॉरने तीन महिन्यांचं वन-टू-वन सांगितलंय, फी ८५ हजार, रोज लाइव्ह मार्केटमध्ये झूमवर एक तास, नंतर व्हॉट्सॲपवर लाइफटाइम सपोर्ट, आणि त्याच्या लिंकवरून डीमॅट उघडलं तर १० हजार कमी. फी कॅपिटलमधून द्यावी की गोल्ड लोन काढावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर, या माणसाला पैसे देऊ नका, ना कॅपिटलमधून ना सोनं ठेवून. पण म्हणून वन-टू-वन शिकणं वाईट असं अजिबात म्हणणार नाही. ट्रेडिंगमध्ये माणूस सुधारतो तो बहुतेक वेळा समोर बसून त्याचे ट्रेड तपासणारं कुणीतरी असतं म्हणून, हे माझं ठाम मत आहे. मी बरीच वर्षं सब-ब्रोकरच्या ऑफिसात डीलर, म्हणजे क्लायंटच्या ऑर्डर टाकणारा, होतो, नंतर स्वतःचं ट्रेडिंग केलं, आता ओळखीतल्या नवीन मुलांचे ट्रेड बघून देतो, पैसे घेत नाही. त्यामुळे क्लायंटचं लेजर कसं खाली जातं ते रोज डोळ्यांसमोर बघितलंय.

हिशेब करून बघा. २ लाखातले ८५ हजार गेले की उरतात १ लाख १५ हजार, आणि त्याचे परत २ लाख व्हायला जवळपास ७४ टक्के रिटर्न लागतो. ७४ टक्के कमावले की तुम्ही जिथे होतात तिथे परत आलात, बस. आणि एवढं ओझं डोक्यावर घेऊन बसलेला माणूस शांतपणे एक लॉट (ऑप्शनचा ठरलेला गठ्ठा) घेऊन बसूच शकत नाही, त्याला फी काढायची घाई असते, मग दोन लॉट, मग तीन, मग एक्स्पायरीच्या, म्हणजे करार संपायच्या दिवशी, दहा रुपयांचे लांबचे कॉल (निफ्टी वर जाईल यावरचे ऑप्शन). गोल्ड लोनमध्ये तर व्याजही सुरू आणि दागिनेही घरच्यांचे, तो विषय कृपा करून बंदच करा.

आता सेबीचे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचे, आकडे, आणि हे मेंटॉरच्या जाहिरातीशेजारी ठेवून वाचा. सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या १ कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले, सरासरी तोटा माणशी २ लाखाच्या आसपास, म्हणजे तुमचं आख्खं कॅपिटल. खर्च वजा जाता १ लाखाच्या वर नफा कमावणारे फक्त १ टक्का. २०२४-२५ चे आकडे आले तेव्हाही तोट्यातले ९१ टक्केच, आणि एकूण तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर. मधल्या काळात कोर्स, अकॅडमी, मेंटॉर गल्लोगल्ली झाले तरी हा आकडा फारसा हलला नाही, याचा विचार करा. आणि नुसते चार्जेस बघा, २०२३-२४ मध्ये माणशी सरासरी २६ हजार रुपये फक्त ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा कर), एक्स्चेंज फी वगैरेत गेले.

लाइव्ह मार्केटमध्ये रोज एक तास हे ऐकायला सगळ्यात भारी वाटतं, पण माझ्या मते ऑफरमधली सगळ्यात कमकुवत गोष्ट तीच आहे. होतं काय, तो म्हणतो आता सीई (कॉल ऑप्शन) घ्या, तुम्ही घेता, तो म्हणतो निघा, तुम्ही निघता, एखाद्या आठवड्यात पैसेही दिसतात, पण त्या तासात निर्णय तुम्ही एकही घेतलेला नसतो, आणि तीन महिने संपले की तुम्ही स्क्रीनसमोर परत एकटे. वर हे नियमातही बसत नाही. रजिस्ट्रेशन नसताना कुठला शेअर, कुठला स्ट्राइक (ऑप्शन करारातला ठरलेला भाव) घ्या सांगणं म्हणजे विनापरवाना सल्ला. सेबीने २९ जानेवारी २०२५ च्या सर्क्युलरमध्ये स्पष्ट केलं होतं की जो फक्त शिकवतो त्याने मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून पुढचा भाव किंवा सल्ला सूचित करायचा नाही, स्क्रीन शेअर करूनसुद्धा नाही. लोक यावर चिडले, पण मला वाटतं शिकणाऱ्याचं यात काही बिघडत नाही, जुना चार्ट एकेक कँडल (ठरावीक वेळेतली भावाची हालचाल) पुढे सरकवून बघण्यात जेवढं शिकायला मिळतं तेवढं चालू बाजाराच्या धावपळीत मिळत नाही.

मग मेंटॉर लागतो कशाला, तर तुम्ही केलेले ट्रेड बघायला. तालमीतला वस्ताद डाव एकदा दाखवतो आणि नंतर महिनोन् महिने तुमची लढत बघत कडेला उभा राहतो, कुठला पाय आधी उचलतोय, कुठे दम सोडतोय हे त्याला दिसतं, तुम्हाला दिसत नाही. वन-टू-वनचे पैसे द्यायचे असतील तर ते या नजरेसाठी द्या. सपोर्ट-रेझिस्टन्स, थीटा, कँडलची नावं हे सगळं फुकटात मिळतं. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जची परीक्षा, सिरीज ८, तिचा अभ्यास केला तरी पाया पक्का होतो आणि फी या ८५ हजारांपुढे किरकोळ आहे.

एक उदाहरण सांगतो. जयसिंगपूरकडचा एक मुलगा, मेडिकल दुकान चालवतो, माझ्याकडे आला तो म्हणत की काका स्ट्रॅटेजी चुकतीय, दुसरी सांगा. मी म्हटलं स्ट्रॅटेजी राहू दे, ब्रोकरच्या साइटवरून ट्रेडबुक, म्हणजे केलेल्या सगळ्या सौद्यांची यादी, डाउनलोड करून आण, तीन-चार महिन्यांचं. एक्सेलमध्ये टाकलं, तारीख आणि वेळेप्रमाणे लावलं, शेजारी क्वांटिटी. काय दिसलं, सकाळचा पहिला ट्रेड बहुतेक वेळा एकाच लॉटचा आणि हिशेबातला, नफा असो तोटा असो, रक्कम छोटी. पण पहिल्यात तोटा झाला की दोन-चार मिनिटांत लगेच दुसरी एंट्री, आणि क्वांटिटी दुप्पट. तिसरी कधी चौपट. सगळे पहिले ट्रेड वेगळे काढून बेरीज केली तर चार्जेस धरून तो जवळजवळ बरोबरीत होता, सगळा तोटा दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेडमध्ये. त्याने वर्षभर इंडिकेटर बदलले होते, तीन कोर्स केले होते, आणि उत्तर त्याच्याच ट्रेडबुकात पडलेलं होतं. कुठल्याच कोर्सवाल्याने ते मागितलं नव्हतं!

त्यावर उपाय काही मोठा नव्हता. दिवसाला जास्तीत जास्त दोन ट्रेड, दोन्ही एकाच लॉटचे, दुसऱ्यात तोटा झाला की ब्रोकरच्या ॲपमधला किल स्विच (ट्रेडिंग बंद करणारं बटण) दाबायचा आणि दुकानात जाऊन बसायचं. दर रविवारी माझ्याबरोबर फोनवर आठवड्याचे ट्रेड. तो काही करोडपती झाला नाही, सहा-आठ महिन्यांनी त्याने ऑप्शन सोडले, कारण त्याच्याच लक्षात आलं की दुकान सांभाळून हे जमत नाही, आता कॅशमध्ये थोडं स्विंग करतो, म्हणजे थेट शेअर घेऊन काही दिवस ठेवतो. मला विचाराल तर मेंटॉरिंग यशस्वी झालं. चांगला माणूस तुम्हाला हे काम तुमच्यासाठी नाही असंही सांगेल, आणि ज्याचं पोट तुमच्या पुढच्या बॅचवर आहे तो हे कधीच सांगणार नाही.

यावरून शिकागोच्या टर्टल्सची, म्हणजे रिचर्ड डेनिस या ट्रेडरच्या शिष्यांची, गोष्ट आठवते, बऱ्याच जणांना माहीत असेल. रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांच्यात वाद, ट्रेडर घडवता येतो की जन्मावा लागतो. १९८३ च्या शेवटी डेनिसने पेपरात जाहिरात देऊन लोक निवडले, दोन आठवडे नियम शिकवले, आणि मग त्यांना ट्रेड करायला स्वतःचे पैसे दिले. आपल्याकडचे मेंटॉर या गोष्टीतला ‘ट्रेडर घडवता येतो’ एवढाच भाग सांगतात आणि शेवटचा गाळतात. तिथे शिष्य बुडला तर पैसे गुरूचे बुडत होते. नियम समजायला दोन आठवडे पुरले, पुढे तोच नियम सलग तोटे होत असताना पाळायचा हे अवघड, आणि देखरेख लागते ती तिथे.

सलग तोट्यांचं जरा सविस्तर सांगतो कारण इथेच सगळे मोडतात. समजा तुमच्या पद्धतीत १०० पैकी ४० ट्रेड बरोबर येतात आणि बरोबर आला की रिस्कच्या (चुकला तर जाणाऱ्या रकमेच्या) दुप्पट मिळतात. ही चांगली पद्धत आहे, १ रुपया रिस्कला सरासरी २० पैसे सुटतात, चार्जेस आधी. पण याच पद्धतीत ओळीने सहा तोटे यायची शक्यता साधारण पावणेपाच टक्के, म्हणजे शंभरेक ट्रेड केले तर कधी ना कधी ते येणारच असं धरून चाला. त्या सहाव्या तोट्याला माणूस पद्धत सोडतो, स्टॉपलॉस (तोटा थांबवायचा भाव) खाली सरकवतो नाहीतर तोट्यातच आणखी घेऊन ॲव्हरेज करतो. मेंटॉरने त्या दिवशी फोन उचलून, प्लॅनप्रमाणे केलंस ना, मग ठीक आहे, उद्या परत तसंच कर, एवढं म्हटलं तरी त्याचे पैसे वसूल.

आता माणूस तपासायचा कसा. स्क्रीनशॉट बघू नका, ब्राउझरमध्ये आकडे बदलायला दोन मिनिटं लागतात, आणि एका दिवसाचा खरा नफा दाखवला तरी बाकीच्या अकाउंटचं काय झालं ते कळत नाही. सरळ मागच्या तीन वर्षांचे आयटीआर (इन्कम टॅक्स रिटर्न) मागा, एफ अँड ओचं उत्पन्न बिझनेस इन्कममध्ये येतं, सहसा आयटीआर-३ भरावा लागतो, त्यातून कळतं की घर ट्रेडिंगवर चालतंय की कोर्सच्या फीवर. नाही म्हणाला तर भांडू नका, नमस्कार करून निघा. लाइव्ह कॉल देणार असेल तर सेबी रजिस्ट्रेशन नंबर मागा, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएचने सुरू होतो, इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझरचा आयएनएने, आणि तो सेबीच्या साइटवर स्वतः टाकून बघा. रजिस्टर्ड असला म्हणजे चांगलं शिकवेल असं नाही, पण गडबड झाली तर स्कोअर्स या सेबीच्या पोर्टलवर तक्रार करायला जागा राहते.

ती डीमॅटची लिंक! १० हजार सवलत वाटते ना, ती सवलत नाही. त्याच्या कोडखाली अकाउंट उघडलं की तुमच्या ब्रोकरेजमधला वाटा त्याला जातो, दर ट्रेडला. मी डीलर असताना ऑफिसचं सगळं गणित याच्यावरच चालायचं, क्लायंट कमावतोय की नाही यापेक्षा तो किती टर्नओव्हर करतोय याकडे सगळ्यांचं लक्ष. ज्याला तुमच्या जास्त ट्रेडमधून पैसे मिळतात तो तुम्हाला कमी ट्रेड करा कधी सांगेल? आणि तुमचं दुखणं तर बहुतेक जास्त ट्रेड हेच असणार. पुढची पायरी असते लॉगिन-पासवर्ड द्या, मी अकाउंट हँडल करतो, प्रॉफिट निम्मा-निम्मा. ते ऐकलं की त्याच मिनिटाला ब्लॉक करा. दुसऱ्याचे पैसे असे सांभाळायला पीएमएसचं (पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिस) लायसन्स लागतं आणि तिथे कमीत कमी गुंतवणूकच ५० लाख आहे.

चांगला माणूस मिळालाच तर फी सेशनप्रमाणे ठरवा, एकदम तीन महिन्यांची नको, बिल मागा, आणि पहिल्याच सेशनला त्याने तुमचं ट्रेडबुक मागितलं नाही तर दुसरं सेशन घेऊ नका. लाइफटाइम सपोर्टला काही अर्थ नाही, शंभर जणांच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग येतं.

आत्ता तुम्ही काय करायचं. आधी पुढचे दोन आठवडे नवीन ट्रेड बंद. जुनं ट्रेडबुक काढा आणि मी वर सांगितलं तसं वेळ, क्वांटिटी, नफा-तोटा लावा, पहिला ट्रेड आणि नंतरचे वेगळे करा, एक्स्पायरीचा मंगळवार वेगळा करा. मग परत सुरू करताना एका ट्रेडची रिस्क तुमच्या कॅपिटलच्या १ टक्का, म्हणजे २ हजार. निफ्टीचा लॉट सध्या ६५ चा, म्हणजे एका लॉटला प्रीमियममध्ये ३० पॉइंटचा स्टॉपलॉस लावला की १९५० होतात, बसतंय. जिथे ३० पॉइंटपेक्षा लांब स्टॉपलॉस लागतोय तो ट्रेड तुमच्यासाठी नाही, सोडून द्या. प्रत्येक एंट्रीआधी वहीत एक ओळ, का घेतोय, कुठे चुकलो म्हणायचं, कुठे निघायचं. ही वही नसेल तर जगातला कुठलाही मेंटॉर तुमच्यासाठी काही करू शकत नाही कारण तपासायला काही नसतं.

ते एक्सेल झालं की नाव, क्लायंट कोड, पॅन सगळं काढून फक्त तारीख, वेळ, स्ट्राइक, क्वांटिटी आणि नफा-तोटा एवढेच कॉलम इथे टाका. मी रविवारी बघतो, बाकीचे जुने लोकही बघतील, आणि ते बघून झाल्यावर तुम्हाला पैसे देऊन कुणी लावायची गरज आहे का ते ठरवू.