आपल्या कंपनीला परदेशात वीज प्रकल्प मिळावा म्हणून एखादं सरकार जोर लावतं, तेव्हा घेणाऱ्या देशाला काम जास्त खात्रीचं मिळतं का?

नाही. खात्री त्यांच्या कंपनीला मिळते.

मी मूळचा दाभोळचा. एनरॉन या अमेरिकी कंपनीच्या वीज प्रकल्पामुळे आमच्या गावाचं नाव जगभर झालं, पण प्रकल्प आहे खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला.

१९९५ चे गणपती. ऑगस्टच्या सुरुवातीला महाराष्ट्राच्या मनोहर जोशी सरकारने प्रकल्प रद्द केला, त्याला महिनाही झाला नव्हता. ठाण्याहून साडू आले होते, मोठ्या कारखान्यात इंजिनिअर. दुसऱ्या दिवशी विसर्जन आटोपून ओटीवर बसलो आणि त्यांनी विषय काढला. "तुम्ही कोकणातले लोक घरी आलेली लक्ष्मी परत पाठवता. अहो, खुद्द अमेरिकेचं सरकार मागे उभं आहे, याहून मोठी गॅरंटी कुठली?"

मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होतो. जामीनदारांच्या सह्या घेण्यातच माझा दिवस जायचा. आरतीच्या वहीचं मागचं कोरं पान फाडलं आणि मधोमध प्रकल्पाचा चौकोन काढला. डावीकडे पैसे देणारे: अमेरिकेची एक्झिम बँक, म्हणजे तिथल्या निर्यातीला कर्ज देणारी सरकारी बँक, आणि कर्ज व विमा दोन्ही देणारी त्यांचीच सरकारी संस्था ओपिक. उजवीकडे पैसे भरणारं आपलं वीज मंडळ. मंडळाला जामीन महाराष्ट्र सरकार, महाराष्ट्राला जामीन केंद्र सरकार, तेही १९९४ मध्ये सही करून. म्हटलं, "आता यात अमेरिकेने तुमच्यासाठी केलेली सही दाखवा." साडूंनी पान बघितलंही नाही. "बँकेतल्या कारकुनाला यातलं काय कळतं," एवढं म्हणून उठले. घरात पाहुणे होते, मी गप्प बसलो. ते वाक्य मला अजून लागतं.

पुढे काय झालं? त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने इशारा दिलेला होताच, की करार मोडलात तर बाकीचे खासगी वीज प्रकल्पही अडचणीत येतील. प्रकल्प रद्द करणाऱ्या सरकारनेच सहा महिन्यांच्या आत, जानेवारी १९९६ मध्ये, नव्याने तडजोड केली आणि प्रकल्प आणखी मोठा झाला. केंद्राची हमी पुन्हा मंजूर केली ती मे १९९६ मध्ये, तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. विजेचा दर डॉलरला बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर साधारण ३१ रुपये होता, २००१ मध्ये ४७ च्या आसपास गेला. वीज उचला किंवा उचलू नका, स्थिर आकार भरायचाच. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, डिसेंबरात एनरॉन दिवाळखोरीत गेली. प्रकल्पातल्या भागीदार अमेरिकी कंपन्या जीई आणि बेक्टेल यांना ओपिकने विम्याची भरपाई दिली, आणि २००४ मध्ये अमेरिकी सरकारने त्यासाठी भारत सरकारवर लवादाचा दावा लावला. म्हणजे ज्याला साडू आपली गॅरंटी समजत होते, तेच सरकार शेवटी वसुलीला आलं. माझ्या पानावर बाण त्याच दिशेने होते.

म्हणून तुम्ही कुठल्याही कराराबद्दल वाचाल तेव्हा विमानतळावर कोण मंत्री हात मिळवतोय ते सोडा. पैसे बुडाले तर कोण भरणार, कुठल्या चलनात, आणि वीज न घेताही भरायचे का, एवढं शोधा. कर्ज विभागातला कुठलाही कारकून हेच सांगेल.

एक राहिलं. विजेचा तुटवडा तेव्हा खरा होता, आणि सह्या आपल्याच लोकांनी केल्या. हा प्रकल्प परवडणार नाही असं जागतिक बँकेने १९९३ मध्येच कळवलं होतं, ते आपणच बाजूला ठेवलं. सगळा दोष अमेरिकेच्या माथी मारणं मला पटत नाही. दुसऱ्या देशांत आपणही हेच करतो. बांगलादेशात सुंदरबनजवळ रामपालचा १,३२० मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प आपल्या भेल या सरकारी कंपनीने बांधला, आणि त्याला १.६ अब्ज डॉलरचं कर्ज दिलं आपल्याच एक्झिम बँकेने.

साडू आता ऐंशीच्या पुढे आहेत. रामपालचं त्यांना फार कौतुक. मागच्या गणपतीत मी पुन्हा कागद घेऊन बसलो, तसाच चौकोन काढला, फक्त डावीकडे या वेळी आपली बँक लिहिली. या वेळी त्यांनी चष्मा लावला आणि शेवटपर्यंत पाहिलं.