फुफ्फुसाच्या इम्यून पेशींवर काम करायचंय, पण आई म्हणते मेडिकलच कर

तू लिहिलंयस की बारावीनंतर फुफ्फुसातल्या इम्यून पेशींवर रिसर्च करायचाय, आईला मेडिकल हवंय आणि गणित जमत नाही म्हणून बायोलॉजी बरी. आईचं मला चुकीचं वाटत नाही, गणिताचं मात्र वाटतंय.

आधी तुझं ते वाक्य, "न्यूट्रोफिल फुफ्फुसाची वाट लावतात, त्यांना बंद पाडणारं औषध शोधायचंय." अगं, न्यूट्रोफिल म्हणजे जंतू मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, त्याच बंद पाडल्यास तर न्यूमोनियाशी भांडणार कोण? एरवी वायुकोशांत पहारा मॅक्रोफेजचा, म्हणजे जंतू आणि धूळ गिळणाऱ्या पेशींचा. सिगारेट न ओढणाऱ्या धडधाकट माणसाच्या फुफ्फुसात सलाईन सोडून परत ओढून घेतलं तर त्यातल्या 80 टक्क्यांहून जास्त पेशी ह्याच निघतात, न्यूट्रोफिल जेमतेम 3 टक्क्यांच्या आत. सिगारेटवाल्याच्या मॅक्रोफेजमध्ये मायक्रोस्कोपखाली तपकिरी कण दिसतात, गिळलेल्या धुराची घाण ती. मॅक्रोफेज गुपचूप गिळत बसतात, पण जंतू फार झाले की हाक मारतात आणि मग न्यूट्रोफिल रक्तातून धावत येतात, इलास्टेजसारखी, प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स ओततात, स्वतःच्याच डीएनएची जाळी फेकतात (हे 2004 मध्ये कळलं), जंतू मरतात खरे पण वायुकोशाची भिंत एवढी पातळ की तीही त्यात सापडते, आत पाणी झिरपतं आणि ऑक्सिजन रक्तात जाईनासा होतो. हे फार पसरलं की एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसं अचानक निकामी होणं, 1967 मध्ये पहिल्यांदा नीट वर्णन झालं त्याचं.

आता 2020 चं बघ. कोविडमध्ये डेक्सामेथासोन ह्या सूज दाबणाऱ्या स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. औषध तेच! सगळी मेख कुणाला आणि कधी द्यायचं ह्यात.

हे "कधी" आयसीयूत पेशंटजवळ उभं राहूनही शिकता येतं, म्हणून म्हटलं आई चुकत नाही, मेडिकल करून चेस्ट किंवा क्रिटिकल केअरकडे जाऊन रिसर्च करणारे असतातच. बीएस्सी, एमएस्सी, पीएचडीचा रस्ताही चांगला, फक्त लांब आहे, आणि तिथे फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून तपासणारं मशीन) एका सॅम्पलमधल्या हजारो पेशींचा डेटा तुझ्यापुढे टाकतो, स्टॅटिस्टिक्स येत नसेल तर नुसते रंगीत ठिपके बघत बसशील.

सुट्टीत एखाद्या लॅबमध्ये विचारून बघ, एक स्लाइड घे आणि 200 पेशी स्वतः मोज, कुठली मॅक्रोफेज कुठली न्यूट्रोफिल. मान दुखेल, मधेच आकडा चुकेल, पहिल्यापासून मोजावं लागेल. दुसऱ्या दिवशी परत जावंसं वाटलं तर मला कळव, मग कोर्सचं बोलू.